१९६७ ची पाँटियाक जीटीओ: अख्खा सीझन चालवल्यावर

एप्रिलपासून चालवतोय, आता मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायच्या आत कव्हर घालून गॅरेजमध्ये लावली, म्हणून निवांत लिहितो. हार्डटॉप (म्हणजे पक्कं छत, खिडक्यांमध्ये खांब नाही), ४०० क्यूबिक इंचाचं व्ही८ म्हणजे ६.६ लिटर, ३३५ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक.

कलेक्शनसाठी घेणार असाल तर आधी कागद बघा, गाडी नंतर. टेम्पेस्ट, ले मान्स आणि जीटीओ, तिन्ही पाँटियाकच्याच गाड्या, सांगाडा एकच. झालं असं की पाँटियाकची मालक कंपनी जीएमने (जनरल मोटर्स) या साइजच्या गाड्यांच्या इंजिनाला ३३० क्यूबिक इंचांची मर्यादा घातली होती, तर १९६४ च्या मॉडेलला पाँटियाकवाल्यांनी ३८९ चं मोठं इंजिन टेम्पेस्ट ले मान्सवर ऑप्शन म्हणून देऊन पळवाट काढली, आणि तिथून जीटीओ सुरू झाली. त्यामुळे साध्या ले मान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे आजही भेटतात. १९६६ पासून खऱ्या जीटीओचा चॅसी नंबर २४२ ने सुरू होतो, तो बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका, पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याचे मूळ कागद मागवा. कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठले ऑप्शन सगळं कळतं. कागद द्यायला विकणारा का-कू करायला लागला की सरळ उठायचं.

आता चालवण्याचं. थंड इंजिन चालू करताना आधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, त्याने चोक बसतो. बरेच दिवस उभी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, स्टार्टर जरा जास्त मारावा लागतो, घाबरू नका. या गाडीचा कार्बोरेटर चार तोंडांचा, क्वाड्राजेट नावाचा, त्याची पुढची दोन तोंडं बारीक आणि मागची दोन चांगली मोठी, हलक्या पायाने चालवलं तर पुढच्या दोघांवरच काम भागतं आणि गाडी इतकी शहाण्यासारखी चालते की आईसुद्धा मागे बसून डुलकी काढते, पण पाय पूर्ण दाबला की मागची उघडतात आणि बॉनेटखालून जो खोल आवाज येतो ना, त्यासाठी मी ही गाडी घेतली, बाकी कशासाठी नाही! पेट्रोल भरायचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या आड आहे, पंपावर दर वेळी कुणीतरी बघायला येतंच.

खटकलं ते ब्रेक. चारही चाकांना ड्रम. पहिल्यांदा दाबल्यावर ठीक, लागोपाठ दोन-तीनदा जोरात दाबले की तापून धरेनासे होतात, आणि दीड टनाच्या वरची गाडी आहे ही. १९६७ मध्ये पुढचे डिस्क ऑप्शन म्हणून मिळायचे, तशी सापडली तर चार पैसे जास्त देऊन घ्या. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्या ड्रीम क्रूझला गेलो होतो, तिथे रांगेत गाडी मुंगीच्या चालीने सरकते, इंजिन तापतं, तेव्हा रेडिएटर आधी नीट तपासून घ्या. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं, आणि ऑइल जास्त झिंकवालं, नाहीतर या जुन्या कॅमची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) झीज होते. मायलेजचं विचारूच नका.

तरी सांगतो, घेऊन नुसती झाकून ठेवू नका. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीला गंज चढतो. मी वसंतात पुढे डिस्क बसवणार, पण मूळ ड्रम, ब्रेकचे सिलिंडर सगळं पेटीत नीट ठेवणार, पुढे कुणाला जशीच्या तशी हवी असेल तर परत बसवता येईल.