मॅच एअर पिस्तूल, काही महिन्यांनंतर: ट्रिगर झकास, पण तो एक स्क्रू!

बॅरल, सिलिंडर, ग्रिप यांवर भरपूर लिहिलं जातं. मला लिहायचंय ते ट्रिगर शू, म्हणजे बोट टेकतं तो ट्रिगरचा तुकडा, धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या स्क्रूबद्दल, कारण त्याने माझा सगळा सराव विस्कटून टाकला.

नेम धरायची फ्रंट साइट लख्ख, होल्ड म्हणजे धरलेला हात शांत, आणि तरी छर्रा डावीकडे. मागची साइट क्लिक करून पाहिली. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, उजवीकडे सरकला, पण पसरटच राहिला. शेवटी शूला नखाने ढकललं, तर तो केसभर कुशीला वळत होता. म्हणजे बोटाचा दाब सरळ मागे न जाता तिरका जाणार आणि पिस्तूलही त्याच्यासोबत वळणार. केसभराने काय होतंय, असं वाटत असेल तर हिशेब करा. दोन साइट्समधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली की 10 मीटरवर छर्रा सुमारे 30 मिलिमीटर भरकटतो. दहाचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटर व्यासाचं. दहाचे थेट सात!

सर्व्हिसवाल्यांना कळवलं, तर म्हणे "एवढं चालतंच, हवं तर पूर्ण सर्व्हिसिंगला पाठवा." एका स्क्रूसाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे का मोजायचे? शू सरळ करून थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, बारीक थेंब दिला, तेव्हापासून हललेला नाही. हा थेंब कारखान्यातच पडायला हवा होता. याचा राग अजून गेलेला नाही.

ट्रिगरबद्दलचं मत मात्र वापरता वापरता बदललं. आधी सेकंड स्टेज, म्हणजे ट्रिगर ओढण्याचा दुसरा टप्पा, जड वाटायचा, हलका करावासा वाटायचा. नियमाने ट्रिगर ओढण्याचं एकूण वजन 500 ग्रॅमच्या खाली चालत नाही, म्हणून त्यातलं बरंचसं फर्स्ट स्टेजवर टाकलं आणि पुढे छोटी पण स्पष्ट भिंत, म्हणजे बोटाला जाणवणारा अडथळा, ठेवली. आता ती भिंत मला हवीच असते. बोट तिथे टेकतं आणि दाब न थांबता वाढत जातो. "आत्ता दहा दिसतोय, आत्ताच मार" म्हणून झटका दिला की छर्रा गेलाच. एकूण वजन 500च्या थोडं वरच ठेवा. काठावर ठेवलं तर तपासणीत वजन उचलताना धाकधूक होते.

आणि ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर ओढणं! या पिस्तुलातली सगळ्यात मोलाची सोय हीच. बॅरल रिकामं असल्याची खात्री करायची, पिस्तूल कोऱ्या भिंतीकडे धरायचं आणि ट्रिगर सुटतो त्या क्षणी फक्त फ्रंट साइट पाहायची. ती खाली डुचकली तर मनगट आधीच सैल पडलंय किंवा मूठ आवळली गेलीय. बाजूला सरकली तर बोट तिरकं चाललंय. टार्गेटवर नजर भोकाकडे धावते, त्यामुळे हे दिसतच नाही. हवा खर्च होत नाही, छर्रेही नाहीत.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं घ्यावं का? ब्रेक, म्हणजे ट्रिगर सुटण्याचा क्षण, कुरकुरीत असतो, पण बॅटरी सांभाळावी लागते, आणि बाजूला ढकलणारं बोट तिथेही ढकलतंच. मी तरी वरचे पैसे छर्ऱ्यांवर घालेन.