पिकअपची ठरावीक सर्व्हिसिंग : बॉनेटखाली चोख, हौद्याखाली अपुरी

हा अभिप्राय एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेतलेल्या ४०,००० किलोमीटरच्या ठरावीक सर्व्हिसिंगविषयी आहे. गाडी डिझेल इंजिनाची, मॅन्युअल गिअरबॉक्स असलेली फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप असून तिच्या हौद्यात बहुतेक वेळा माल असतो. सेंटरचे नाव देत नाही, कारण येथे दिसलेल्या उणिवा दिवसभर प्रवासी मोटारीच हाताळणाऱ्या कोणत्याही कार्यशाळेत संभवतात. थोडक्यात माझे मत असे की, इंजिनाच्या बाजूचे काम उत्तम झाले. केबिनच्या मागे, म्हणजे जेथे पिकअप मोटारीपेक्षा खऱ्या अर्थाने वेगळी असते तेथे, निम्मे काम मला मागे लागून करून घ्यावे लागले.

सुरुवात जॉब कार्डापासून करावी लागेल. सर्व्हिस अॅडव्हायझरने किलोमीटर नोंदवले, टाकीतले डिझेल पाहिले, पत्र्यावरच्या ओरखड्यांची नोंद करून माझी सही घेतली आणि संगणकातून ४०,००० च्या रकान्यातील कामांची यादी छापून दिली. गाडीवर किती माल असतो, ती धुळीच्या रस्त्यांवर चालते का, ट्रेलर ओढते का, इंजिन जागेवरच तासन्‌तास चालू राहते का, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. ओनर्स मॅन्युअलमध्ये बहुतेक कंपन्या सामान्य वापरासाठी एक आणि खडतर वापरासाठी दुसरे अशी दोन वेळापत्रके देतात. दुसऱ्यात इंजिन ऑइलची मुदत पुष्कळदा निम्म्यावर येते आणि डिफरन्शियलचे (ॲक्सलमधील, दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचे) जे ऑइल पहिल्या वेळापत्रकाप्रमाणे नुसते तपासायचे असते, ते बदलायला सांगितलेले असते. भरल्या हौद्याने फिरणारी पिकअप या दुसऱ्या वेळापत्रकात मोडते. हे दाखवून दिल्यावर अॅडव्हायझरने खळखळ न करता यादीत भर घातली, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण ज्या ग्राहकाने मॅन्युअल कधी उघडलेच नाही त्याची गाडी मोटारीच्या यादीवरच परत गेली असती.

इंजिनाचे काम मात्र पाहत राहावे असे झाले. ऑइल गरम असतानाच काढले, कारण तेव्हा ते पातळ असते आणि त्यात तरंगणारी काजळी त्याच्याबरोबर बाहेर पडते. जुना फिल्टर उतरवल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली आहे ना, हे मेकॅनिकने इंजिनाच्या बैठकीवर बोट फिरवून पाहिले. ती रिंग मागे चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकमेकींवरून सरकतात आणि इंजिन चालू झाल्यावर दाबाखालचे ऑइल बघता बघता बाहेर फेकले जाते. नव्या रिंगेला त्याने ऑइलचा हात लावला, फिल्टर पान्याने न आवळता हातानेच घट्ट केला आणि खालच्या ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातला. ऑइल मापाने भरून इंजिन थोडा वेळ चालवले, बंद केले, ऑइल खाली उतरण्याइतका वेळ जाऊ दिला आणि मगच डिपस्टिक पाहिली.

ऑइल ५डब्ल्यू-३० (हा घट्टपणाचा आकडा) आणि एसीईए सी३ (हा युरोपीय मोटार-उत्पादकांच्या संघटनेचा) दर्जाचे होते, आणि मॅन्युअलमध्येही तेच सांगितले आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल इंजिनासाठी केवळ ५डब्ल्यू-३० हा आकडा जुळून भागत नाही. ऑइलमध्ये मिसळलेल्या धातुयुक्त रसायनांची जळल्यावर राख उरते. डीपीएफमध्ये साठलेली काजळी रीजनरेशनच्या वेळी, म्हणजे तो तापवून स्वच्छ केला जातो तेव्हा, जळून जाते, ही राख मात्र जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावरचा हा दर्जा मी न विचारता मला दाखवण्यात आला, ही गोष्ट मला फार आवडली.

डिझेल फिल्टरच्या बाबतीतही तक्रारीला जागा नाही. फिल्टरच्या तळाशी साठणारे पाणी मेकॅनिकने काचेच्या बरणीत काढले आणि ती थोडा वेळ बाकावर ठेवली. डिझेलच्या खाली पाण्याचा पातळ, स्वच्छ थर वेगळा झालेला डोळ्यांनी दिसत होता. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरपर्यंत जाते आणि पंपाच्या आतील भागांना वंगण म्हणून तेच डिझेल उपयोगी पडते, त्यामुळे एवढेसे पाणीही महागात पडू शकते. नवा फिल्टर बसवल्यावर हातपंपाने हवा काढून मगच स्टार्टर मारला. कूलंटची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे द्रवातून प्रकाश किती वाकतो ते पाहणाऱ्या उपकरणाने, मोजली. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही आणि आमच्या गाडीतले मिश्रण त्याच्या जवळपास निघाले. एअर फिल्टर यादीप्रमाणे बदलायचा होता, तो आधी नुसता हवा मारून परत बसवला होता, विचारल्यावर बदलला.

ब्रेक ऑइल किलोमीटरवर न जाता काळावर बदलावे लागते, हे अॅडव्हायझरने स्वतःहून सांगितले आणि ते बरोबर आहे. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डीओटी ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळावे अशी अट असते; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. माल भरलेली पिकअप लांब उतारावर सतत ब्रेक लावत उतरली तर हा फरक केवळ कागदावर राहत नाही, कारण उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. दोन वर्षांची मुदत भरली होती, ऑइल बदलले. मागचे ड्रम उघडून साफ केले, लायनर पाहिले, हँडब्रेक जुळवला. येथवर हे सेंटर पैकीच्या पैकी गुणांना पात्र आहे.

आता मागचा भाग. जॉब कार्डावर ‘प्रोपेलर शाफ्ट ग्रीसिंग’ या ओळीपुढे बरोबरची खूण झालेली होती. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाची फिरती शक्ती मागच्या ॲक्सलकडे नेणारी लांब दांडी, आणि क्रॉस म्हणजे तिला वाकू देणारा टोकाचा सांधा. गाडी लिफ्टवरून उतरवण्यापूर्वी मी खाली जाऊन पाहिले, तेव्हा क्रॉसच्या ग्रीस निपलवर वाळलेल्या मातीचे टोपण जसेच्या तसे होते आणि सीलच्या कडेला ताज्या ग्रीसचा थेंबही नव्हता. ग्रीस भरलेले असते तर ते लपणे शक्य नाही. क्रॉसच्या चार टोकांना बेअरिंगचे चार कप असतात आणि पंप मारत राहावे तसे जुने, काळे पडलेले ग्रीस चारही सीलमधून बाहेर येऊन त्यामागून नवे दिसू लागते; तसे दिसेपर्यंत काम झाले असे म्हणता येत नाही. मेकॅनिकला परत बोलावले. तीन कपांतून ग्रीस आले, चौथ्यातून येईना. मग त्याच्याहून वयाने मोठ्या मेकॅनिकने गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन शाफ्ट थोडा फिरवला, हाताने वरखाली हलवला आणि पुन्हा पंप मारला, तेव्हा चौथ्या सीलमधून गंजासारखे तांबूस ग्रीस बाहेर आले. तो रंग ओल आत शिरल्याचा होता. आणखी १०,००० किलोमीटर तसेच गेले असते तर त्या कपातले सुईसारखे रोलर बेअरिंगच्या भिंतीत रुतून बसले असते आणि मग ग्रीसने काही झाले नसते, क्रॉसच बदलावा लागला असता.

हे येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, ग्रीसिंग हे काम ना सुट्या भागांच्या बिलात दिसते ना गाडी चालवताना लगेच जाणवते, त्यामुळे ते टाळण्याचा मोह कार्यशाळेला सर्वांत जास्त होतो. स्लिप जॉइंटचे, म्हणजे शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सांध्याचे, निपल वेगळे असते, तेही राहून गेले होते. गाडी थांबताना किंवा निघताना खालून ‘टक्’ असा एक धक्का बसतो, त्याचे कारण पुष्कळदा हा कोरडा पडलेला जॉइंटच असतो. मात्र त्यात ग्रीस बेताने भरावे लागते, कोंबून भरले तर शाफ्टला आतबाहेर सरकायला जागा उरत नाही. काही नव्या पिकअपमध्ये क्रॉस सीलबंद असतात आणि त्यांना निपलच नसते. तेथे हाताने शाफ्ट पिळून ढिलेपणा आहे का, एवढेच पाहायचे असते, पण तेही पाहायला हवेच.

डिफरन्शियलचे ऑइल बदलताना मेकॅनिकने आधी वरचा भरण्याचा बोल्ट सैल केला आणि मगच खालचा काढला. हा क्रम जाणकाराचा आहे, कारण ऑइल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट अडकला तर गाडी जागची हलवता येत नाही. चुंबकी बोल्टावर राखाडी, मऊ लगदा होता; धातूचे तुकडे नव्हते, म्हणजे झीज नेहमीची आहे. ऑइल जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) वापरले, ते डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी योग्यच आहे. हेच ऑइल मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही चालेल असे एक मेकॅनिक सहज म्हणून गेला, तेव्हा मात्र त्याला थांबवावे लागले. आमच्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले आहे. जीएल-५ मधील गंधकयुक्त रसायने गिअर सहज बदलू देणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना त्रासदायक ठरू शकतात. अॅडव्हायझरने डबा बदलून दिला.

डिफरन्शियलच्या ब्रीदरकडे कोणी पाहिलेच नव्हते. हाउसिंगवरची ही छोटी टोपी मातीने बंद झाली, की ऑइल तापल्यावर आतला दाब वाढतो आणि ते ॲक्सलच्या सीलमधून वाट काढून थेट ब्रेकच्या लायनरवर उतरते. मग लायनर बदलले जातात, सील बदलले जाते आणि मूळ कारण जागेवरच राहते. टोपी बोटाने फिरवून, दाबून पाहायला मिनिटही लागत नाही. यादीत तिच्यासाठी ओळ नाही, एवढेच कारण मला मिळाले.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ॲक्सलशी बांधणाऱ्या यू-बोल्टांवर टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावायला मीच सांगितले. भारी माल वाहणाऱ्या गाडीचे यू-बोल्ट हळूहळू ढिले पडतात, पाटे आणि ॲक्सल यांच्यात बारीक हालचाल सुरू होते आणि तिचा सारा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो. गाडी चाकांवर उभी करून, कर्णाच्या क्रमाने ते आवळले. एका बाजूचे दोन स्पष्टपणे फिरले. त्याच वेळी मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्हही पाहून घेतला. त्याची दांडी गंजून अडकली, किंवा जास्तीचे पाटे टाकून गाडीची मागची बाजू उंच केली, तर व्हॉल्व्हला हौदा रिकामाच वाटत राहतो आणि ऐन भारात मागचे ब्रेक कमी लागतात. आमच्या गाडीची दांडी मोकळी होती.

टायरच्या बाबतीत सेंटरने नेहमीचा मोटारीचा हिशोब लावला आणि चारही चाकांत सारखी हवा भरली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढचा आणि मागचा आकडा वेगळा आहे, आणि मागचा आकडाही रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा दिलेला आहे. कमी हवेवर भार टाकला की टायरच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात आणि आतून तापतात. टायर फुटण्याचे ते नेहमीचे कारण आहे. चाकांची अदलाबदल केली, पण नट एअर गननेच आवळून सोडून दिले होते. टॉर्क रेंचने पुन्हा पाहायला लावले. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी साखळीसकट खाली उतरवून दाखवा म्हटल्यावर जरा नाराजी दिसली, परंतु विंच गंजला असेल तर ते पंक्चर झालेल्या रात्री कळण्यापेक्षा लिफ्टपाशी कळलेले बरे. टेस्ट ड्राइव्हमध्ये फोर-व्हील लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून पाहिला नव्हता, तोही समोर टाकून घेतला.

तपासणीच्या कागदाविषयी माझी तक्रार कायम आहे. सगळ्या ओळींपुढे एकाच पेनाने, एका दमात केलेल्या खुणा होत्या, आणि त्यांत यू-बोल्टही होते, ज्यांना तोवर पाना लागलाच नव्हता. लायनरची जाडी आणि प्रत्येक टायरची खोली मिलिमीटरमध्ये, बॅटरीचे व्होल्टेज आकड्यात, असे लिहून द्यायला सांगितल्यावर नवा कागद मिळाला आणि तो पुढच्या वेळी तुलनेला खरोखर उपयोगी पडेल.

इंजिनासाठी मी याच सेंटरकडे परत जाईन. हौदा भरून रोज धंद्याला गाडी काढणाऱ्यांनी मात्र ग्रीसिंगपासून स्टेपनीपर्यंतची मागच्या भागाची कामे जॉब कार्डावर सही करण्यापूर्वीच एकेक करून लिहून घ्यावीत, आणि गाडी लिफ्टवर असताना एकदा खाली जाऊन पाहण्याची परवानगीही त्याच वेळी मागावी. या सेंटरने ती हसतमुखाने दिली.