मोपा ते दिल्ली : सायकल सामानात देऊन केलेला विमानप्रवास

मनाली-लेह रस्ता स्वतःच्याच सायकलने पार करायचा असे ठरले असल्याने गेल्या जुलैत मी सायकल चेक-इन सामानात देऊन गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीला गेले. फोंड्याहून दाबोळीचा विमानतळ जवळ, पण सोयीच्या वेळेचे विमान मोपाहून होते. सायकल स्वीकारताना या विमान कंपनीने दाखवलेली तत्परता ती सांभाळताना दिसली नाही, हे सुरुवातीलाच नोंदवते.

बांधणी प्रवाशानेच करायची असते. नव्या सायकलीचे रिकामे खोके दुकानातून मागून आणले, पुढचे चाक, हँडल आणि पेडल सोडवली (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक असूनही मी दहा मिनिटे पाना चुकीच्याच दिशेने ओढत होते), फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवला, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि टायरमधली थोडी हवा सोडली. खरी धास्ती पावसाची होती. पिकअपमध्ये खोक्यावर निळी ताडपत्री आवळून बांधली होती, तरी पेडण्याला पोहोचेपर्यंत एक कोपरा भिजलाच, आणि भिजलेल्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टी काही केल्या धरेना.

तिकिटावर 15 किलोची मुभा होती आणि खोके 16.8 किलो भरले. हेल्मेट व बूट काढून हातातल्या पिशवीत घातले. पाने केबिनमध्ये नेता येणार नव्हते, म्हणून ते खोक्यातच ठेवले. काउंटरवरील कर्मचारी सौजन्याने वागले, मात्र मोठ्या आकाराच्या सामानाचे शुल्क किती, यावर त्यांच्यातच एकमत होईना, आणि शेवटी घेतलेली रक्कम मला फोनवर सांगितलेल्या रकमेहून जास्त होती. त्यानंतर, खोके उघडूनही न पाहता, कंपनीची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या टॅगवर माझी सही घेण्यात आली. घाईत मी ती केली.

दिल्लीला खोके आडवे आले, तेही ज्या बाजूवर मी जाड पेनने बाण काढून ‘ही बाजू वर’ असे लिहिले होते, त्याच बाजूवर. भिजलेला कोपरा फाटून मागच्या चाकाच्या आसाचे टोक बाहेर डोकावत होते. सुटे स्क्रू पिशवीत घालून फ्रेमला बांधले होते म्हणून वाचले. परंतु डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, आत वाकला होता आणि पहिल्या गिअरला साखळी चाकाच्या तारांना घासत होती. सामान घेण्याच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच मी छायाचित्रांसह लेखी तक्रार नोंदवली. आठ दिवसांनी आलेल्या उत्तरात माझ्या सहीच्या टॅगचा हवाला देऊन भरपाई नाकारली होती. सामान उभे ठेवायचे की आडवे, याचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता.

बदली हँगर मी सोबत घेतला होता, त्यामुळे सहल बुडाली नाही. चूक काही अंशी माझीही होती, कारण डिरेलर फ्रेमवरून सोडवून चाकाच्या आतल्या बाजूला बांधायला हवा होता. परतताना त्याच कंपनीच्या विमानाने येताना तसे केले, आसाच्या दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या लावल्या आणि टॅगवर सही करण्यापूर्वी ‘बांधणी सुस्थितीत’ असा शेरा कर्मचाऱ्याकडून लिहून घेतला. मोपाला दोन कामगारांनी खोके उभे धरून बाहेर आणून दिले.