चार्टर शाळेत आठ महिने: मुलीला का घातलं आणि मुलाला का नाही

आम्ही मूळचे नाशिकचे, आता सात वर्षं अ‍ॅरिझोनात चँडलरला राहतोय. मोठी पाचवीत, धाकटा केजीत. मोठीला ऑगस्टमध्ये डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या भागाच्या नेहमीच्या सरकारी शाळेतून काढून चार्टर शाळेत घातलं, आता आठ महिने झाले. मंडळात, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये सगळे हेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतेय. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी पण आहेत.

आधी एक गैरसमज. चार्टर म्हणजे प्रायव्हेट नाही, फी नसते. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी थोडं साम्य आहे, संस्था वेगळी पण पैसा सरकारचा, फक्त इथे तो डोक्यामागे मिळतो, म्हणजे मूल जाईल तिकडे पैसा. संस्था राज्याशी करार करते, अ‍ॅरिझोनात तो १५ वर्षांचा असतो आणि दर ५ वर्षांनी तपासणी होते. प्रवेश परीक्षा घेता येत नाही, जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी, आपल्या आरटीईच्या सोडतीसारखी, फक्त उत्पन्नाची अट नाही. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, अ‍ॅरिझोनाने १९९४ मध्ये, आणि आता या राज्यात सरकारी पैशावर शिकणाऱ्या साधारण पाचातलं एक मूल चार्टरमध्ये आहे. त्यामुळे इथे हा विषय प्रत्येक घरात निघतोच.

आता आम्ही का बदललं. खरं सांगायचं तर जुनी शाळा वाईट नव्हती, चांगली होती, घरापासून चालत सात मिनिटं. पण वर्गात २८ मुलं, आणि हिचं गणित दहा मिनिटांत संपायचं आणि मग बाई म्हणायच्या पुस्तक वाच. रोज. चौथीचं अख्खं वर्ष. बाईंचा दोष नाही, त्यांना जी सहा मुलं मागे होती त्यांच्याकडे बघणं भागच होतं. गिफ्टेडच्या, म्हणजे पुढे असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाची टेस्ट दिली, थोडक्यात राहिली. मार्चमध्ये ती एकदा म्हणाली, "आई, शाळेत मी काही नाही केलं तरी कुणाला कळत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रँकिंग वगैरे नंतर बघितलं, निर्णय खरा त्या रात्री झाला.

नवऱ्याचं म्हणणं होतं आधी आकडे बघू. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राचा २०२३ चा अहवाल आहे, त्यात सारख्याच परिस्थितीतल्या मुलांची तुलना केली तर चार्टरची मुलं वर्षाला वाचनात १६ दिवसांइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी पुढे जातात, सरासरी. आणि ऑनलाइन चार्टरची मुलं उलट खूपच मागे पडतात. म्हणजे एरवी गणितात १८० दिवसांच्या वर्षात फक्त ६ दिवस! मला यातून एवढंच कळलं की नुसत्या "चार्टर" या शब्दावर जाऊन उपयोग नाही, ती एक शाळा जाऊन बघायला हवी. आम्ही तीन बघितल्या. एकीत लॅटिन शिकवतात, एक मॉन्टेसरी पद्धतीची, तिसरी गणित-विज्ञानवाली, ती घेतली.

चांगलं काय झालं ते आधी. सप्टेंबरमध्ये पहिल्या गणिताच्या टेस्टला ६२ मिळाले, हिने आयुष्यात ९० च्या खाली बघितलं नव्हतं, रडली. दुसऱ्या दिवशी चार वाजता गणिताच्या सरांचा स्वतःहून फोन, की दशांश अपूर्णांकात तिचा पाया कच्चा आहे, मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर थांबवा, मी बघतो. दोन महिने थांबली. मार्क वाढले, पण त्याहून मला हे मोठं वाटतं की तिला आता अडलं तर विचारायला जाता येतं, पूर्वी अडायचंच नाही त्यामुळे ते शिकलीच नव्हती. स्वतःचा प्लॅनर स्वतः लिहिते. शाळा छोटी आहे, गेटवरच्या बाईंना सुद्धा नावं पाठ आहेत.

आता किंमत. बस नाही. सकाळी २५ मिनिटं, दुपारी २५ मिनिटं आणि पिकअपच्या लाइनीत अर्धा तास, ऑगस्टमध्ये बाहेर ४३ डिग्री, गाडी चालू ठेवून बसायचं. दोन घरांनी मिळून कारपूल केलं म्हणून माझी नोकरी टिकली, ज्या घरात दोघांनाही सकाळी आठला कामावर हजर व्हायचंय त्यांना ही शाळा फुकट असून परवडणार नाही, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण लॉटरी सगळ्यांना खुली म्हणतात पण गाडी आणि वेळ असलेल्यांनाच ती खरी खुली. कँटीन नाही, डबा रोज. मोठं मैदान नाही, बँड नाही. डिस्ट्रिक्ट लोकांकडून मतदानाने बाँड (कर्जरोखे) मंजूर करून घेऊन इमारती बांधू शकते, चार्टरला ते करता येत नाही, म्हणून ऑफिसच्या बिल्डिंगसारख्या इमारतीत शाळा. शिक्षकांसाठी ऐच्छिक देणगीचं पत्र दर काही आठवड्यांनी येतं, नाही दिली तर कुणी काही म्हणत नाही, पण दडपण येतं.

सगळ्यात वाईट अनुभव जानेवारीतला. विज्ञानाच्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या आणि पाच आठवडे रोज वेगळा सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक. आम्हा पालकांना ईमेल आला तो तिसऱ्या आठवड्यात. डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणारं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, चार्टरचं संस्थाच नेमते, तर तक्रार कुठे करायची? आम्ही इथले नागरिक नाही, ग्रीन कार्डच अजून रांगेत आहे, त्यामुळे मला तसंही मत नाही, पण बोर्डाची मीटिंग खुली असते म्हणून गेलो आम्ही आठ पालक, बोललो. नवीन बाई फेब्रुवारीत आल्या, चांगल्या आहेत.

आणि धाकटा. बहिणीमुळे त्याला प्राधान्य, फेब्रुवारीत पहिलीसाठी ऑफर आली, उत्तर द्यायला तीन दिवस. सगळे म्हणाले वेड्या आहात का, घ्या. पण त्याला र म्हणता येत नाही, अजून दोन-तीन आवाज अडतात, आणि जवळच्या शाळेत त्याला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळते, थेरपिस्ट तिथेच बसतात, त्याच्या वर्गात येऊन बघतात. अशा मुलांना शाळेने मदत द्यायचा कायदा चार्टरलाही तोच लागू आहे, त्यांनी नाही म्हटलं नाही, पण त्यांच्याकडे थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर. सहा वर्षांचं पोर स्क्रीनकडे बघून जीभ कुठे लावायची शिकणार? मला पटलं नाही.

आजूबाजूच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद करायची चर्चा चालू आहे, ते ऐकून पोटात गोळा येतो, कारण आमच्या मुलीसारखी मुलं निघाली तर तिथला पैसाही निघतो, आणि ती थेरपिस्ट त्याच पैशावर आहे. हे मुलीला काढताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुलीचा पुढच्या वर्षीचा फॉर्म भरलाय, मुलाची ऑफर नाकारली. सकाळी ७:१० ला तिला घेऊन कारपूल निघतं, आणि आठला धाकटा शेजारच्या पोराबरोबर चालत जातो, मी फक्त कोपऱ्यापर्यंत. परवा त्या पोराला हाक मारताना धाकट्याने "रायन" म्हटलं, अगदी स्वच्छ र.