क्रॅशच्या वाटेवर केप्रोब नको, पण खूण कोणती लावायची?

इंदुरात पोह्यांच्या गाडीवर टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "दादा, आपल्या फॉल्ट हँडलरला कोणती खूण लावू? कर्नलमध्ये तर तीन दिसतात." प्रश्न लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा. फॉल्ट हँडलर म्हणजे चूक झाल्यावर धावणारं फंक्शन, आणि खूण म्हणजे 'इथे केप्रोब लावू नका' असं सांगणारी कोडातली पाटी. पोहे संपले तरी उत्तर संपलं नाही, म्हणून इथे लिहितो.

केप्रोब म्हणजे चालू कर्नलच्या आत डोकावायचा सापळा. एक्स८६ प्रोसेसरवर तो फंक्शनच्या सूचनेवर (इन्स्ट्रक्शनवर) एका बाइटचा ब्रेकपॉइंट ठेवतो, इंट-३. तो लागला की अपवाद हाताळणारा कोड धावतो. त्याच कोडात आणखी एक ब्रेकपॉइंट असेल तर तो पुन्हा स्वतःलाच बोलावतो आणि स्टॅक संपेपर्यंत हेच चालतं. ऊप्स (कर्नलचा चूक झाल्याचा अहवाल) छापणारी फंक्शनं म्हणूनच केप्रोबच्या काळ्या यादीत आहेत. तिथे प्रोब लावायला गेलात तर नोंदणीच नाकारली जाते.

सगळ्यात जुनी खूण म्हणजे दोन अंडरस्कोरवाली केप्रोब्ज. ती फंक्शनला बायनरीच्या वेगळ्या भागात, म्हणजे सेक्शनमध्ये, नेऊन ठेवते आणि अडचण तिथेच आहे. सराफ्यात एकाच जागी दिवसा दागिने आणि रात्री गराडू चालतात, फंक्शनला मात्र सेक्शन एकच मिळतो. नव्या कोडात ती नकोच.

लिनक्स ३.१६ मध्ये (२०१४) नोकेप्रोब-सिंबल आलं. फंक्शन जागेवरच राहतं, फक्त त्याचा पत्ता यादीत जातो. बहुतेकांनी हेच घ्यावं, पण एक खोड लक्षात ठेवून: कंपायलरने ते फंक्शन दुसऱ्यात इनलाइन केलं, म्हणजे त्याचा कोड तिथेच उतरवला, तर त्या प्रतीला संरक्षण नाही. छोट्या मदतनीस फंक्शनला नोकेप्रोब-इनलाइन लावा, म्हणजे ते नेहमी खूण लावलेल्या बोलावणाऱ्याच्या पोटातच राहतं. शिवाय नोकेप्रोब-सिंबल फक्त केप्रोब अडवतं. एफट्रेसचा (कोणतं फंक्शन कधी चाललं ते नोंदवणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेचा) फंक्शन ट्रेसर थांबवायचा तर नोट्रेस वेगळं लावावं लागतं. मॉड्यूलमधल्या (कर्नलला नंतर जोडल्या जाणाऱ्या कोडातल्या) फंक्शनांसाठी नोकेप्रोब-सिंबल लिनक्स ५.८ पासून चालतं, त्यामुळे ग्राहकाचं कर्नल त्याहून जुनं असेल तर भरवसा ठेवू नका.

तिसरी खूण नोइन्स्ट्र, तीही ५.८ मध्येच (२०२०) आली. ते इनलाइन होऊ देत नाही, केप्रोब आणि ट्रेसिंग दोन्ही अडवतं, आणि आतून बाहेरच्या कोडाला हाक मारलीत तर तपासणी चालू असताना ऑब्जटूल (बिल्डच्या वेळी कोड तपासणारं साधन) ओरडतो. एंट्री कोडाला, म्हणजे कर्नलमध्ये शिरतानाच्या कोडाला, ते हवंच. साध्या ड्रायव्हरला लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीची भांडी घेऊन चहा करणं, आणि नंतर त्याच फंक्शनमधला बग शोधताना हात बांधलेले.

मुलीला नोकेप्रोब-सिंबल सांगितलं. बिल्ड लोड करून डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) केप्रोब्जच्या काळ्या यादीत नाव बघ म्हटलं, आणि नाव दिसलं तरी डिसअसेंब्लीत (तयार मशीन कोडात) इनलाइन प्रत नाही ना, तेही.