अर्धांगवायूचा झटका: सीटी की एमआरआय?
सोलापुरात यंत्रमागावर उभ्या माणसाचा हात अचानक लुळा पडला, तर आधी सीटीच. मेंदूत रक्तस्राव आहे का, हे काही मिनिटांत कळतं. आणि घाई हवीच, कारण रक्तस्राव नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. मेंदूच्या मधल्या धमनीत अडथळा असेल तर सीटी पाहून १० पैकी गुण देतात. गुण जास्त, तर सुधारण्याची आशा जास्त.

एमआरआयला वेळ लागतो, पेसमेकर असेल तर अडचणही येते. पण हात पुन्हा चालेल का, याचा अंदाज तिथे जास्त नेमका मिळतो: मेंदूकडून हाताकडे आज्ञा नेणारा मज्जातंतूंचा मार्ग कितपत वाचलाय, ते दिसतं. तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांसाठी मला ही माहिती फार मोलाची वाटते. मात्र तिच्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवू नये.