आर्चर मॅक्लीन्स पूल : टेबलाभोवती फिरून नेम धरायचा खेळ

पूलचा, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने पॉकेटात घालायच्या खेळाचा, कोणताही व्हिडिओ गेम हातात घेतला की मी एक गोष्ट आधी बघते. ज्याने बाकीचे बॉल मारायचे त्या पांढऱ्या बॉलमागे उभं राहून नेम धरता येतो का? टेबल नुसतं वरून दिसत असेल तर शॉट म्हणजे नकाशावर रेघ ओढणं होऊन बसतं. खऱ्या टेबलावर वाकून डोळा क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) रेषेत आणावा लागतो, आणि तिथून बाजूचा पॉकेट (बॉल घालायचं भोक) एवढासा दिसतो. तो अंदाज चुकण्यातच या खेळाची सगळी गंमत आहे.

१९९२ साली व्हर्जिन गेम्सने काढलेला 'आर्चर मॅक्लीन्स पूल' मला म्हणूनच अजून आवडतो. मी तो अमिगा या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर खेळते. माउस फिरवला की पांढऱ्याभोवती तुम्हीच फिरता. खाली वाकता, वर उठून सगळं टेबल बघता, जवळ जाता. टेबल असं फिरवायची सोय १९८९च्या फायरबर्डच्या 'थ्रीडी पूल'मध्येही होती, पण इथे हालचाल सरळ हातात येते. बॉलला कुठे मारायचं ते ठरवायचं, जोर ठरवायचा आणि मारायचं, बस.

आणि मारल्यावर जे होतं ते पटतं! पांढरा न फिरता नुसता घसरत जाऊन तिरका लागला, तर दोन्ही बॉल जवळजवळ काटकोनात फुटतात. तोच लोळत जाऊन लागला तर पुढे ओढला जातो. खालून मारलेला मागे येतो. टेबलावर शिकलेलं हे सगळं इथे कामी येतं, त्यामुळे पॉट करण्याइतकाच (म्हणजे बॉल पॉकेटात घालण्याइतकाच) पुढच्या शॉटसाठी पांढरा कुठे थांबवायचा याचाही विचार सुरू होतो.

हे सगळं ज्या यंत्रावर चालायचं तेही लक्षात घ्या. अमिगा ५००मधला मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर साधारण ७ मेगाहर्ट्झचा. अपूर्णांकांची गणितं करणारं हार्डवेअर त्यात नाही, आणि एका गुणाकाराला ७० क्लॉक सायकलपर्यंत (प्रोसेसरच्या ठोक्यांपर्यंत) वेळ लागू शकतो. ब्रेकनंतर, म्हणजे पहिल्या फटक्याने बॉल फुटल्यावर, १६ बॉल एकमेकांवर आणि कुशनवर (टेबलाच्या कडांवर) आपटत असताना त्या प्रत्येकाचा हिशेब करून वर भरीव रंगांचं टेबलही काढायचं! हा खेळ बनवणाऱ्या आर्चर मॅक्लीनने आधी १९८४ साली 'ड्रॉपझोन' आणि १९८७ साली 'आयके+' हे गेम केले होते, मग १९९१ साली स्नूकरपटू जिमी व्हाइटच्या नावाचा स्नूकर. हा पूल त्या स्नूकरचाच वारसदार आहे. त्या स्नूकरमध्ये तुम्ही फार वेळ लावलात तर बॉल चक्क वेडावून दाखवायचे, इतका मॅक्लीन खेळकर. २०२२ साली तो गेला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

खेळाचे प्रकार बरेच आहेत. लाल-पिवळ्या बॉलचा ब्रिटिश एट-बॉल सुरुवातीला सोपा वाटतो. माझा जीव मात्र नाइन-बॉलमध्ये. टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉललाच आधी लागायला हवं, म्हणजे पांढरा भलत्या कोपऱ्यात गेला की पुढचा शॉट अडलाच. या सक्तीमुळे पांढऱ्यावर ताबा ठेवायला जितकं शिकता येतं तितकं दुसऱ्या कशातच येत नाही. हवे तसे बॉल मांडून ट्रिक शॉट खेळायची सोयही आहे. लोक तिच्याकडे करमणूक म्हणून बघतात. मी सरावासाठी वापरते. दोन बॉल आणि पांढरा ठेवायचा, आणि तोच शॉट वेगवेगळ्या स्पिनने (बॉलला दिलेल्या फिरकीने) मारून पांढरा कुठे जातो ते बघायचं.

उणीव म्हणाल तर संथपणा. प्रत्येक शॉटची मांडामांड माउसने करायची, त्यामुळे समोरच्याला बसून राहावं लागतं. घाईच्या माणसाबरोबर खेळू नका. ज्याला टेबल वाचायला आवडतं त्याच्याबरोबर मात्र संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

अटारी एसटी या कॉम्प्युटरवर आणि डॉसच्या पीसीवरही हा खेळ निघाला होता. आज इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) लावलात तर माउसचा वेग आधी कमी करा, नाहीतर बारीक कट (बॉलच्या कडेला लागणारा शॉट) मारताना नेम बॉलच्या कडेवरून सटकत राहतो.